ऑनलाइन बी.कॉम.: पैसे भरण्याआधी काय तपासायचं?

वाकडवासी:
माझ्या जावेचं बारावी कॉमर्स झालंय, मग लग्नामुळे शिक्षण राहिलं. आता चिंचवडला एका फर्ममध्ये टॅली आणि जीएसटीचं काम करते. ऑनलाइन बी.कॉम. करायचं म्हणतेय. एका समुपदेशकाचे रोज फोन येतात: आजच 5 हजार भरा, सीट धरून ठेवतो, दिवसाला अर्धा तास दिला तरी पुरे. ही पदवी एम.कॉम.ला, एमपीएससीला चालेल ना? आणि आधी काय काय बघू?

डेक्कनकर:
आज एक रुपयाही भरू नका. आधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावरची यादी उघडा. "विद्यापीठ यादीत आहे" एवढ्यावर थांबायचं नाही, कारण मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते. अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, पद्धत (ऑनलाइन आणि दूरस्थ या वेगळ्या नोंदी असतात) आणि ज्या सत्राला प्रवेश घेताय ते सत्र, तिन्ही जुळलं पाहिजे. मागच्या वर्षीची मान्यता यंदा असेलच असं नाही. ज्या दिवशी बघाल त्या दिवशीच ते पान पीडीएफ करून ठेवा.

मान्यता असेल तर पदवी चालते. यूजीसीच्या 2020 च्या विनियमांनुसार अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, त्यामुळे एम.कॉम. आणि एमपीएससी दोन्हीला अडचण नाही. ही मोकळीक सगळ्या विषयांना नाही, हेही सांगतो: इंजिनिअरिंग, कायदा, नर्सिंग, फार्मसी यांची पदवी कोणी ऑनलाइन देऊ करत असेल तर फोन ठेवून द्या.

दुसरं, 2024-25 पासून डीईबी-आयडी (ऑनलाइन किंवा दूरस्थ प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) सक्तीचा आहे. आधी डिजीलॉकरवरून एबीसी आयडी काढायचा (शैक्षणिक क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, 12 आकडी असतो), मग त्यावरून डीईबी-आयडी. जावेने स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःच काढावा. "ओटीपी सांगा, आम्ही काढून देतो" म्हटलं तरी ओटीपी द्यायचा नाही.

कागदपत्र_कट्टा:
लग्नानंतर नाव बदललंय का? अडकतं ते नेमकं इथे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि माहेरचं. आधारवर स्वतःचं नाव आधी, मधे नवऱ्याचं आणि सासरचं आडनाव. एबीसी आयडीत आधारवरचं नाव येतं, प्रवेश मात्र बारावीच्या गुणपत्रिकेवर. पडताळणीत दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात आणि अर्ज परत येतो.

पदवीवर कोणतं नाव येणार, हे विद्यापीठाला ईमेल करून लेखी विचारून घ्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. नाव राजपत्रात बदललेलं असेल तर त्या पानाची प्रतही ठेवा. हे आत्ता सोपं आहे, तिसऱ्या वर्षी परीक्षा अर्ज भरताना फार जड जातं.

वाकडवासी:
नाव बदललंय, राजपत्रात नाही. विवाह प्रमाणपत्र आहे. समुपदेशक म्हणतो फी बिनव्याजी हप्त्यांत भरता येईल. ते ठीक आहे का?

डेक्कनकर:
हप्ता विद्यापीठाला जाणार की एखाद्या वित्त कंपनीला, ते विचारा. बऱ्याचदा तो विद्यार्थ्याच्या नावावरचा कर्जाचा करार असतो. मग शिक्षण सोडलं तरी हप्ते चालूच राहतात आणि चुकले तर सिबिल खराब होतं. पैसे फक्त विद्यापीठाच्या पोर्टलवर, विद्यापीठाच्या नावाच्या पावतीवर भरा. मधल्या कंपनीने तांत्रिक मदत करायला हरकत नाही, पण फ्रँचायझीला यूजीसीची बंदी आहे. प्रवेश द्यायचा अधिकार विद्यापीठाचाच.

सत्र_परीक्षा:
अर्ध्या तासाचं गणित करून बघू. एक क्रेडिट म्हणजे 30 तास अभ्यास. सत्राला 20 क्रेडिट धरले तर 600 तास, 26 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 23 तास. टॅली-जीएसटी रोजच्या हातातलं असल्याने लेखाशास्त्राला तिला वेळ कमी लागेल. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राला मात्र बसावंच लागेल. नोकरी आणि घर सांभाळून हे जमतं, पण जीएसटी रिटर्नच्या तारखा आणि असाइनमेंटच्या तारखा एकाच कॅलेंडरवर मांडून ठेवायला सांगा. अंतर्गत मूल्यमापन 30 टक्क्यांपर्यंत असतं. पोर्टल बंद झाल्यावर तो भाग भरून काढायला बहुधा वाव राहत नाही.

परीक्षा केंद्रावर की घरून कॅमेऱ्यासमोर, हे आधी विचारा. केंद्र असेल तर पुण्यात आहे का तेही. घरून असेल तर स्वतःचा लॅपटॉप हवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिन परवानगी नसते, परीक्षेचं सॉफ्टवेअर बसतच नाही आणि ते कळतं पेपरच्या दिवशी. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्यामुळे पेपर गुरुवारी आला तर राउटरला छोटा यूपीएस लावा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी जोडून बघा. जोडणी तुटली तर किती मिनिटांत परत येता येतं, हा नियमही आधीच वाचून ठेवा.

कागदपत्र_कट्टा:
मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. बघा. ते दूरस्थ पद्धतीत येतं, अभ्यासकेंद्रं पुण्यातही आहेत. यादी तपासणं आणि डीईबी-आयडी तिथेही तसंच.