चेनरिंग बदलण्याआधी मागचे गिअर पाहा

आपल्या २० इंची घडीच्या सायकलला पुढे ५२ दातांची चेनरिंग (पॅडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे १४-२८ दातांचे सात गिअरचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) आहे, आणि सपाट रस्त्यावर पाय रिकामे फिरतात म्हणून पुढे ५८ दातांची चेनरिंग बसवावी, असा सल्ला तुम्हाला दिला गेला आहे. माझे मत वेगळे आहे. हे २० इंची चाक एका फेऱ्यात साधारण दीड मीटर जाते. म्हणजे पुढे ५२ आणि मागे १४ दात असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५.६ मीटर अंतर कापले जाते, ५८ वर ते ६.२ होईल, पण त्याच प्रमाणात चढावरचा सर्वांत हलका गिअरही जड होईल.

त्याऐवजी मागे ११-३२ ची आठ गिअरची कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा चक्रांचा संच; हब म्हणजे चाकाचा मधला भाग) घेतल्यास वरच्या टोकाला ७.१ मीटर मिळतात आणि खालचा गिअर आधीपेक्षा हलका होतो. मात्र स्क्रूवर चढणाऱ्या फ्रीव्हीलच्या हबवर कॅसेट बसत नाही, त्यामुळे नवा हब घेऊन चाक पुन्हा विणावे लागते आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. हब घेण्यापूर्वी मागच्या फोर्कमधील आतले अंतर मोजावे. शिफ्टरही (गिअर बदलण्याचा खटका) आठ गिअरचा लागेल. लांब पिंजऱ्याचा डिरेलर (मागे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मात्र टाळावा. लहान चाकामुळे तो जमिनीच्या फार जवळ येतो आणि गतिरोधकाच्या कडेला घासतो. पुढे एकच चेनरिंग असल्याने त्याची गरजही नाही.