मदत हवी आहे: ‘प्युअरली अँड सिंपली अ मिस्टेक’ यातले ॲडव्हर्ब नेमके कोणाचे?

नमस्कार मंडळी,

भाषांतराच्या कामात एका वाक्यावरून अडलोय. जाणकारांनी सोडवावं.

एका इंग्रजी निवेदनात वाक्य होतं, ‘इट वॉज प्युअरली अँड सिंपली अ मिस्टेक’. माझ्या सहकाऱ्याने तपासताना ते ‘इट वॉज अ प्युअर अँड सिंपल मिस्टेक’ असं करून टाकलं. कारण काय, तर ॲडव्हर्ब नामाबद्दल माहिती सांगत नाही, ते काम विशेषणाचं. शाळेतली व्याख्या मलाही पाठ आहे. क्रियापद, विशेषण किंवा दुसरं क्रियाविशेषण, या तिघांबद्दल अधिक माहिती सांगतं ते क्रियाविशेषण. त्यात नाम नाही. पण कान सांगतोय की मूळ वाक्य बरोबर होतं, आणि कानाचा पुरावा कोणी मानत नाही.

मग अशी जोडीची ॲडव्हर्ब आणखी कुठे येतात ते शोधत बसलो. दोन तऱ्हा दिसल्या. एकीत दोन ॲडव्हर्ब मिळून एकाच नामाच्या मागे लागतात: ‘शी इज फर्स्ट अँड फोरमोस्ट अ टीचर’. (आपण म्हणू, ती आधी शिक्षिका, मग बाकी सगळं.) दुसरीत प्रत्येक ॲडव्हर्ब आपापलं नाम धरून असतं: ‘शी टीचेस मेनली ग्रामर अँड ओन्ली ऑकेजनली लिटरेचर’.

प्रश्न असा, की ही ॲडव्हर्ब क्रियापदाची, पुढच्या नामाची, की ‘अ’सकट अख्ख्या तुकड्याची? आणि हे ठरवायचं कसं? ‘असंच म्हणतात’ हे उत्तर सहकाऱ्यापुढे चालणार नाही.

प्रतिसाद १

अख्ख्या तुकड्याची. आर्टिकलकडे बघा. ‘अ सिंपल मिस्टेक’ यात विशेषण ‘अ’च्या आत आहे. ‘सिंपली अ मिस्टेक’ यात ॲडव्हर्ब ‘अ’च्या बाहेर उभं आहे. ‘अ सिंपली मिस्टेक’ कोणी म्हणणार नाही. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याचा नियम उंबऱ्याच्या आतपुरता खरा आहे. नुसत्या नामाला ॲडव्हर्ब लागत नाही, पण आर्टिकलसह तयार झालेल्या पदसमूहाला बाहेरून लागतं. ‘इव्हन अ चाइल्ड’ घ्या, ‘ओन्ली द टीचर’ घ्या. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या मोठ्या व्याकरणातही हे पदसमूहाच्या कडेला बसणारे शब्द म्हणून वेगळे काढले आहेत.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण धागाकर्त्याने उदाहरण अवघड निवडलंय. ‘इज’, ‘वॉज’ यांच्यानंतर ॲडव्हर्ब तसंही येतं. ‘ही इज ऑलवेज अ न्यूसन्स’ यात ‘ऑलवेज’ काही न्यूसन्सबद्दल बोलत नाही. त्यामुळे तिथे नुसत्या जागेवरून निकाल लागत नाही. कर्म घेणारं क्रियापद घ्या.

इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कोणी घुसत नाही. ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ कानाला लगेच खटकतं, ‘इंग्लिश फ्लुएंटली’ हवं. पण ‘शी स्पीक्स मेनली इंग्लिश’ बिनधास्त चालतं. का? कारण ‘मेनली’ मध्ये घुसलेलंच नाही, ते कर्माचाच भाग आहे. ‘मेनली इंग्लिश अँड ऑकेजनली फ्रेंच’ हा सगळा मिळून एक ऐवज, आणि तो क्रियापदाला चिकटूनच आहे.

पडताळा हवा असेल तर प्रश्न विचारा. ती काय बोलते? ‘मेनली इंग्लिश.’ उत्तर पूर्ण झालं. तिथे ‘फ्लुएंटली इंग्लिश’ म्हणून बघा.

धागाकर्ता

वा, ‘फ्लुएंटली’ आणि ‘मेनली’ शेजारी ठेवल्यावर एकदम उजेड पडला. पण आता नवीन शंका. ‘शी एक्सप्लेन्ड क्लिअरली अँड पेशंटली द रूल दॅट एव्हरीवन हॅड फरगॉटन’ हे मला बरोबर वाटतं. इथे तर जोडी मध्येच घुसली आहे, आणि नियम काही ‘स्पष्टपणे आणि धीराने’ नियम नसतो!

प्रतिसाद २

छान पकडलंत. इथे ॲडव्हर्ब पुढे घुसलेलं नाही, कर्म जड झालं म्हणून मागे सरकलंय. शेपूट कापून बघा: ‘शी एक्सप्लेन्ड क्लिअरली अँड पेशंटली द रूल’. लगेच अवघडल्यासारखं होतं. म्हणजे ही जोडी क्रियापदाचीच. ‘मेनली’ला मात्र कर्म एका शब्दाचं असो की दोन ओळींचं, काही फरक पडत नाही. शंका आली की कर्म आखूड करून वाचायचं.

प्रतिसाद ३

व्याकरण राहू द्या बाजूला, त्या दुरुस्तीने अर्थ बदललाय त्याचं काय? ‘अ सिंपल मिस्टेक’ म्हणजे साधी, किरकोळ चूक. ‘सिंपली अ मिस्टेक’ म्हणजे निव्वळ चूक, तिच्यामागे दुसरं काही नाही. चूक किती मोठी होती याबद्दल दुसरं वाक्य काहीच बोलत नाही. मराठीत ‘निव्वळ’, ‘केवळ’ हे शब्द नामाआधी सरळ येतात आणि रूप बदलत नाहीत, म्हणून आपल्याला हा फरक पटकन जाणवत नाही. निवेदन देणाऱ्याला काय म्हणायचं होतं?

धागाकर्ता

मुद्दाम केलं नाही, एवढंच. चूक मोठी होती हे त्याच निवेदनात पुढे कबूल केलंय. म्हणजे दुरुस्तीनंतर पहिलं वाक्य दुसऱ्याला खोटं पाडत होतं!

सहकाऱ्याला हे दाखवलं. व्याकरणावर तो अजून अडून आहे, पण ‘साधी’ आणि ‘निव्वळ’ यावर गप्प झाला. आता म्हणतो, ‘इट वॉज अ मिस्टेक, प्युअर अँड सिंपल’ करू. हे चालेल ना?

प्रतिसाद १

चालेल. तो नामानंतर येणारा रूढ वाक्प्रचार आहे आणि अर्थ ‘निव्वळ’चाच राहतो. स्वल्पविराम मात्र खाऊ देऊ नका.