मदत हवी आहे : पारलिंगी खेळाडूंवरील लेखासाठी योग्य मराठी शब्द

अमेरिकेतील आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एक लेख लिहीत आहे. ऑफिसात सोमवारी डबे उघडले, की अमेरिकन फुटबॉलमध्ये टॉम ब्रेडी थोर की पॅट्रिक माहोम्स, हा वाद क्वार्टरबॅकच्या (चढाईची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूच्या) एकेका पासपर्यंत जातो आणि ब्रेडीची 7 सुपर बोल (अंतिम सामन्याची) विजेतेपदे हटकून मोजली जातात. मात्र विषय पारलिंगी (ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या) जलतरणपटू लिया थॉमसकडे वळला, की हीच आकडेपंडित मंडळी नियम न वाचताच निकाल देऊन मोकळी होतात.

थॉमसने मार्च 2022 मध्ये महाविद्यालयीन महिला गटाची 500 यार्डांची शर्यत जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक जलतरण संघटनेने पुरुषी वयात येण्याच्या टप्प्यातून गेलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिला गटातून वगळले, आणि 2023 मध्ये ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने व आयसीसीनेही तोच मार्ग धरला.

माझी अडचण भाषेची आहे. ‘तृतीयपंथी’ हा शब्द मला इथे अपुरा वाटतो, तर ‘पारलिंगी’ आमच्या ज्येष्ठ वाचकांना अडखळवतो. शिवाय भारताची धावपटू द्युती चंद आणि दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या यांना अनेक जण याच यादीत बसवतात, वास्तविक त्या पारलिंगी नाहीत. त्यांचा वाद शरीरातील नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) पातळीचा होता. हा फरक दोन वाक्यांत, कोणाचाही अवमान न होता, कसा मांडावा? वैद्यकीय किंवा क्रीडा क्षेत्रातील जाणकारांनी रूढ मराठी संज्ञा सुचवल्यास मी आभारी राहीन.