पिंगुळीची चित्रकथी, गंजिफा, दशावतार: डिसेंबरात काय काय बघता येईल?

अबोली:
डिसेंबरात आईबाबांना घेऊन कुडाळ-सावंतवाडीला जायचंय. बीच वगैरे नकोय. पुण्यात केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रं बघितलीयत, पैठण शैली म्हणतात ती हीच ना? मग कुडाळजवळच्या पिंगुळीला मुद्दाम जाण्यात अर्थ आहे का?

कुडाळचो झील:
ताई नक्की जा. काचेमागे अर्धीच कला दिसते, चित्रकथी म्हणजे चित्र दाखवत गाऊन सांगितलेली कथा. पिंगुळीच्या ठाकर समाजातले कलाकार पोथी घेऊन बसतात, पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नाही हां, एकेका आख्यानाच्या सुट्ट्या चित्रांचा गठ्ठा, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, एक बाजू गाऊन झाली की पान उलटायचं नि कथा पुढे. सोबत वीणा, टाळ, हुडूक (छोटं चर्मवाद्य). त्यांच्याकडेच कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पण आहे. त्यांच्यातलेच कलाकार परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी घरच्या गोठ्यात म्युझियम केलंय. आधी फोन करा आणि एक तरी आख्यान सादर करायला सांगा, मानधन द्या. नुसती फ्रेम विकत घेऊन परत येऊ नका प्लीज, ऐकणारेच राहिले नाहीत तर सांगणार कोण?

रंगपेटी:
+१. गंजिफासाठी, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांसाठी, सावंतवाडीचा राजवाडा. दशावतारी संचात १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी १२, त्यात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मच्छ, कूर्म, वराह एवढ्याशा गोलात हाताने रंगवलेले असतात, जवळून बघा. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी लक्ष घातलं म्हणून ही कला टिकली.

अबोली:
भारीच! आणि दशावताराचं लोकनाट्य? बाबांना त्यातली मालवणी कळेल का?

कुडाळचो झील:
कळतला! देव नि राजे प्रमाण मराठीतच बोलतात, मालवणी फक्त संकासुर या विनोदी राक्षसाची. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, तेव्हा देवळासमोरचाच धयकालो (दशावताराचा खेळ) बघा, हॉलमधला नको. हातात संहिता नसते, कथा ठरलेली पण संवाद जाग्यावर सुचतील तसे, समोरचा नट काय बोलतो त्यावर. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात आणि रंगभूषा ज्याची तो करतो, जरा लवकर गेलात तर ती पण बघायला मिळेल. खेळ रात्रभर चालतो, त्यामुळे आईबाबांना दुपारी झोपवा आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा.