लेथचा झिजलेला चक: घरी घासून वापरावा की बदलावा?

मूळ मत

घरच्या वर्कशॉपसाठी जुना लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापण्याचे यंत्र) घेतला की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर झिजलेला तीन जबड्यांचा चकही (तुकडा पकडून फिरवणारा भाग) येतो. जबडे पुढच्या तोंडाशी रुंदावलेले असल्यामुळे जॉब (कापायचा तुकडा) फक्त मागच्या टोकाला धरला जातो आणि टूलचा दाब येताच डळमळतो. असा चक भंगारात देण्याआधी त्याचे जबडे लेथवरच, टूलपोस्टवर (कापण्याचे हत्यार धरणाऱ्या भागावर) बसवलेल्या लहान ग्राइंडरने घासून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. मात्र घासताना जबड्यांवर ताण हवा आणि तो जॉब धरताना येतो त्याच दिशेचा हवा. त्यासाठी जबड्यांच्या फक्त कडांवर टेकेल अशी खाचांची चकती धरावी, म्हणजे पकडीचा भाग मोकळा राहतो. बाहेरून कडे (वलय) घालून त्यात जबडे उघडले, तर स्क्रोलच्या (जबडे आत-बाहेर सरकवणाऱ्या चकातल्या सर्पिल आट्यांच्या चकतीच्या) आट्यांची उलटी बाजू टेकते आणि सगळी मेहनत वाया जाते.

प्रतिसाद: असहमत

आपण जबड्यांचा विचार केलात, स्क्रोलचा केला नाहीत. नेहमी ठरावीक जाडीचे बार धरलेल्या चकात स्क्रोल त्याच पट्ट्यात जास्त झिजलेला असतो. त्यामुळे ज्या व्यासावर जबडे घासले, त्याच्या आसपास डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) समाधानकारक आकडा दाखवील, पण दुसऱ्या व्यासावर रनआउट (फिरताना केंद्रापासून होणारी हालचाल) पुन्हा डोके वर काढील. शिवाय ग्राइंडिंगची धूळ बेडच्या (लेथच्या पायाच्या) स्लाइडवर आणि क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवे सरकवणाऱ्या भागाच्या) स्क्रूत शिरली, तर चक वाचवण्याच्या नादात लेथच झिजेल. चुंबकाने लोखंडाचा कीस उचलला जातो, चाकाचे अपघर्षक कण मात्र मागे राहतात. अचूकता हवी असेल, तर स्वतंत्र जबड्यांचा चार-जबडी चक घेऊन प्रत्येक जॉब डायलवर सेंटर करावा.

प्रतिसाद: अंशतः सहमत

वाद चकाचा आहे, तरी सर्व सुट्या भागांना एकच नियम लावू नये असे वाटते. टेलस्टॉकचे (लेथच्या मागच्या आधाराचे) टोक झिजलेले डेड सेंटर (जॉबला टेकणारी न फिरणारी टोकदार पिन) धुळीची काळजी घेऊन घरी घासायला हरकत नाही: ते हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या बाजूच्या) निमुळत्या भोकात बसवावे, कंपाउंड स्लाइड (कोनात वळवता येणारी स्लाइड) ३० अंशांवर वळवावी आणि ६० अंशांचे टोक पुन्हा घासून घ्यावे. याउलट ओतीव लोखंडाच्या चकाच्या बॉडीला तडा गेला असेल, तर वेल्डिंगचा विचारही करू नये. फिरताना तो फुटला, तर समोर उभ्या माणसाच्या जिवावर बेतेल.

मूळ लेखकाचे उत्तर

तडा गेलेल्या चकाबाबत दुमत नाही. स्क्रोलचा आक्षेपही खरा आहे, पण त्यावरून जबडे घासूच नयेत हा निष्कर्ष निघत नाही. माझ्यासारख्या अनेकांचे बहुतेक काम १५ ते ३० मिलिमीटरच्या बारवर चालते, तेव्हा त्याच टप्प्यात घासलेला चक आमच्या उपयोगाचा ठरतो. नव्या साध्या तीन-जबडी चकातही सगळ्या व्यासांवर शून्य रनआउट मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे. धुळीसाठी बेड आणि कॅरेज (बेडवर सरकणारा भाग) ओल्या कापडाने झाकावे, काम संपताच चक पूर्ण उघडून रॉकेलने धुवावा आणि जबडे त्यांच्या १, २, ३ या क्रमांनुसारच परत बसवावेत. मात्र जबडे घासण्याआधी बॅकप्लेटच्या (चक जोडण्याच्या चकतीच्या) बैठकीवरचा कचरा व बर (धातूची उठलेली कड) साफ करून स्पिंडलचेच (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचेच) रनआउट मोजावे, कारण दोष तिथे असेल तर जबडे घासून तो फक्त झाकला जाईल.

प्रतिसाद: असहमत (पुन्हा)

स्पिंडल आधी तपासण्याची अट मूळ मतातच असायला हवी होती. ती पाळली आणि काम एकाच टप्प्यातल्या व्यासांचे असले, तर माझा विरोध सौम्य होतो. वेगवेगळ्या जाडीचे जॉब घेणाऱ्याला मात्र मी अजूनही चार-जबडी चकच सुचवीन.