रस्त्यावर काय चालतं: डोळ्यात बोट की कमरेला पकड?

लाल माती

मागच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी मुलींसाठी दोन तासांचं स्वसंरक्षण शिबिर झालं. पुतणी जाऊन आली, अकरावीत आहे. संध्याकाळी अंगणात तिनं सगळं करून दाखवलं. डोळ्यात बोटं, जांघेत गुडघा, नडगीवर टाच, दोन्ही कानांवर एकदम थापड, करंगळी उलटी मुरगळणं. नखं वाढवा, असंही सांगितलं म्हणे. आणि शेवटी शिकवणारे बोलले, "कुस्ती हा खेळ आहे. रस्त्यावर नियम नसतात."

माझी सोळा वर्षं आखाड्यात गेली. त्यामुळे हे वाक्य मला झोंबलं, कबूल. पुतणीला म्हटलं, ये, घाल माझ्या डोळ्यात बोट. मी फक्त तिचं एक मनगट धरलं, हनुवटी छातीला टेकवली आणि तोंड फिरवत राहिलो. बावन्न वर्षांचा माणूस, उजवा गुडघा गेलेला. पाच मिनिटं खटपट करून तिचं एक बोट माझ्या भुवईला लागलं. आणि जांघेतल्या गुडघ्याचं म्हणाल, तर मी इतका खेटून उभा होतो की तिला पाय उचलायला जागाच नव्हती.

दोष पोरीचा नाही. जो डाव झटणाऱ्या माणसावर पूर्ण जोरानं कधी करूनच पाहता येत नाही, तो ऐन वेळी हाताला सापडत नाही. जपानात जिगोरो कानोनं १८८२ मध्ये ज्यूदो सुरू केला, तेव्हा त्यानं हेच ओळखलं. ठोसे आणि जीवघेणे डाव ठरलेल्या क्रमाच्या सरावापुरते ठेवले, आणि मोकळ्या झुंजीत रोज पूर्ण ताकदीनं करता येतील तेवढेच. आपल्या आखाड्यात वेगळं काय होतं? जोडीदार पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, देत नाही, तरी तुम्ही तो काढता. उद्या दुसरा जोडीदार, तो पण देत नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी ही मोकळ्या झुंजीची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा चावायला आणि डोळ्यात बोटं घालायला मनाई होती, बाकी जवळजवळ सगळं चालत होतं. अंतिम लढतीत जेरार्ड गोर्डोनं मनाई असूनही पकडीवाल्या रॉयस ग्रेसीच्या कानाला चावा घेतला. ग्रेसीनं त्याचा गळा आवळला, आणि हार मानल्यावरही जरा जास्तच वेळ आवळून धरला. चावून गोर्डोला एवढंच मिळालं.

तेव्हा पोरींना दोन तासांत खोटा धीर देऊ नका. सहा महिने कोणाशी तरी झटू द्या.

वावरवाला

भाऊ, तुमची पुतनी अन् तुमचं आंगन ठीक हाये. आमच्याकडे भांडन कोठी होते थे सांगतो. धुऱ्यावर, म्हंजे दोन वावराच्या मधल्या बांधावर. कोनी वखर मारता मारता दोन तास, म्हंजे दोन ओळी, धुरा खाल्ला, की आधी शब्द, मंग गचांडी, अन् पाच मिनिटात समोरच्याचे दोन भाऊ अन् एक साळा हजर. माहा मावसभाऊ नामी पैलवान होता, दंगलीत नारळ-फेटा घेऊन यायचा. त्यानं एकाले उचलून आपटला, छातीवर बसला, अन् तठीच फसला. मागून दुसऱ्यानं बंडीची उभारी, थे लाकडी दांडकं, काढली अन् पाठीत हानली. तीन बरगड्या मोडल्या. त्या वर्षी वेचनीले त्याच्या घरून बायकोच जाये.

आखाड्यात पंच राह्यते, वावरात नाई राहत. अन् ज्याले तुमी धरून ठेवलं, त्यानं तुमालेई धरून ठेवलं, हे कोनता वस्ताद सांगते?

लाल माती

बरगड्यांचं वाईट वाटलं. पण तिघं अंगावर असताना डोळ्यात बोट घालून तरी काय होणार होतं? सहा डोळे होते तिथं.

वावरवाला

काई नाई झालं असतं. पन बोट घालनारा बोट घालून पयते. छातीवर बसून नाई राहत.

निळा पट्टा

मी नागपुरात जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरची पकडापकडी, शिकतो, गाव हिंगणघाटकडचं. लाल माती काकांच्या बाजूचा आहे, पण वावरवाले दादांची उभारी मला पटली.

कुस्तीत पाठ टेकली की संपलं. म्हणून पैलवान खाली गेला की पालथा होतो, पोट मातीला चिकटवून बसतो. तिथं ते शहाणपण. रस्त्यावर पालथं पडण्यासारखं वाईट काही नाही. मागून डोक्यात लाथ येते आणि कोण मारतोय तेही दिसत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पैलवानांची ही सवय लवकर जात नाही. त्यापेक्षा पाठीवर पडा, पाय समोरच्याकडे ठेवा आणि उठा. उठणं हा वेगळा सराव आहे, आखाड्यात त्याला कोणी विचारत नाही.

दुसरं. घाणेरडे डाव एकीकडे आणि पकड दुसरीकडे, अशी फाळणी मला मान्य नाही. याच ग्रेसीनं १९९४ च्या सप्टेंबरात किमो नावाच्या धिप्पाड माणसाची शेंडी धरून ठेवली होती. जिंकला, पण एवढा दमला की पुढची लढत लढूच शकला नाही. १९९५ मध्ये जपानात युकी नाकाई हा सत्तर किलोच्या आसपासचा पैलवान त्याच गोर्डोसमोर उभा राहिला. गोर्डो साडेसहा फुटी. त्यानं नाकाईच्या उजव्या डोळ्यात बोट घातलं. तरी नाकाईनं त्याची टाच पिळून लढत जिंकली, त्याच दिवशी आणखी एकाला हरवलं आणि मगच अंतिम लढतीत हरला. तो डोळा मात्र कायमचा गेला.

ही गोष्ट दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं सांगतात. काका म्हणतील, डोळा जाऊनही पकड जिंकली. दादा म्हणतील, डोळा गेला ना?

वावरवाला

दादा थेच म्हनून रायला.

ग्रामीण रात्रपाळी

बाजाराच्या दिवशी रात्री आमच्याकडे काय येतं ते सांगते. ग्रामीण रुग्णालय, ड्युटीवर मी आणि एक डॉक्टर.

करंगळीखालचं हाड मोडलेला हात. यानं समोरच्याच्या कवटीवर ठोसा मारलेला असतो. बोटाच्या पेरावर बारीकशी जखम, "काही नाही, दात लागला." तीन दिवसांनी तोच माणूस हात सुजवून, पू घेऊन परत येतो. माणसाच्या तोंडात काय काय असतं ते विचारू नका. चावलेलाही येतो, चावणाराही येतो, आणि दोघांनाही कावीळ बी ची भीती सांगावी लागते.

मला मात्र सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती आपटलेल्यांची. मातीत आपटलेला झटकून उठतो. डांबरावर, ओट्याच्या कडेवर, हापशीच्या सिमेंटवर आपटलेला डोक्याच्या मागच्या बाजूवर पडतो. उठतो, बोलतो, खर्रा मागतो, आणि पहाटे उलट्या सुरू होतात. सीटी स्कॅन जिल्ह्याला. कुस्तीवाले काका, तुमचा ढाक, तो आपटायचा डाव, मातीवर शिकलेला असतो. डांबरावर तोच ढाक खुनाचा गुन्हा होऊ शकतो.

लाल माती

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही आखाडा खणतो, माती चाळतो, त्यात हळद आणि तेल घालतो. पडणाऱ्याला लागू नये म्हणूनच.

सात नंबर रेडर

आतापर्यंत सगळी चर्चा पुरुषानं पुरुषाला कसं पाडायचं यावर. ज्या पोरीवरून धागा निघाला ती गेली कुठं?

मी जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळले. एकदा एसटी चुकली म्हणून काळी-पिवळीनं निघाले. शेवटची सवारी उतरली, मागे मी आणि एक माणूस. त्यानं एका हातानं दंड धरला, दुसरा तोंडावर. ड्रायव्हरनं आरसा पाहिला आणि नजर फिरवली. मी तळहाताचा चावा घेतला. सोडला नाही. तोंडात रक्ताची चव आली तेव्हा त्यानं हात ओढून घेतला, आणि गतिरोधकावर गाडी हळू झाली तशी मी उडी मारून कापसाच्या जिनिंगच्या दिव्यांकडे पळाले.

चावायला मला कोणी शिकवलं नव्हतं. काका म्हणतात सराव नसलेला डाव हाताला सापडत नाही. दाताला सापडतो.

लाल माती

तुम्ही सुटलात हे ऐकून बरं वाटलं. पण उडी मारून पळणं, दंड धरलेला असताना न गोठणं, हे कबड्डीनं दिलं असं नाही वाटत? रेडर चार जणांच्या पकडीतून रेषेकडे जाते, रोज. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ मध्ये त्यांच्या चमूनं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली, ती काही उगाच नाही.

सात नंबर रेडर

वाटतं. पण चावा माझ्या नावावर राहू द्या, तो बर्लिनला नेऊ नका.

आणि गोठण्याचं म्हणाल तर मी गोठले होते. किती वेळ ते सांगता येत नाही, पण दोन थांबे मागे गेले होते. पहिल्यांदा त्याचा खांदा लागला तेव्हाच ओरडायचं होतं, गाडीत अजून तिघं होते. तेव्हा वाटलं, उगाच तमाशा कशाला. शिबिरात यावर एक अक्षर नसतं आणि आखाड्यातही नसतं.

कोर्टाची पायरी

वकील आहे, त्यामुळे जरा रुक्ष बोलतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ११६ मध्ये "गंभीर दुखापत" कशाला म्हणायचं याची यादी आहे. पहिली बाब, पुरुषत्व नष्ट करणं. दुसरी, एका डोळ्याची दृष्टी कायमची घालवणं. तिसरी, एका कानाची श्रवणशक्ती कायमची घालवणं. आता शिबिरातली यादी शेजारी ठेवा: डोळ्यात बोट, जांघेत गुडघा, कानावर थापड. १८६० च्या दंड संहितेतही क्रम हाच होता. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

पैलवानांनी हसू नये. हाड मोडणं, सांधा निखळणं, दात पडणं हेही त्याच यादीत आहे.

मात्र कलम ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात, आणि तो भक्कम आहे. जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची, ॲसिडची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्क टिकतो. रेडर ताईंनी डोळाही फोडला असता तरी मी त्यांच्या बाजूनं बिनधास्त उभा राहिलो असतो. पण वावरवाल्यांच्या धुऱ्यावर गोष्ट वेगळी. तिथं दोघंही ठरवून भिडतात, दोघंही ठाण्यात जाऊन "आधी त्यानं मारलं" सांगतात, गुन्हे दोन्हीकडून दाखल होतात. खुल्या मारामारीत बचावाचा हक्क सहसा कोणालाच मिळत नाही. आणि बचावाला गरजेपुरती मर्यादा आहे. माणूस खाली पडून गप झाल्यावर मारलेली लाथ बचावात बसत नाही.

पकडीचा एक फायदा मला कोर्टात दिसतो. धरलेला माणूस सोडता येतो. फोडलेला डोळा परत देता येत नाही.

वावरवाला

वकीलसाहेब, सोडला तर थो उठून मारते ना.

भिवापुरी

सगळे डाव बाजूले ठेवा, तिखट ठेवा. आमच्या भिवापूरची मिरची. रातच्याले मोटर चालू कराले जातो तवा खिशात पुडी राह्यते. वापरली बी एकदा. गाडीवर दोघं आले, आडवी लावली, मी पुडी फोडली अन् फेकली. हवा त्यायच्याकडून माह्याकडे होती. थे दोघं हसत निघून गेले, मी बांधावर बसून अर्धा घंटा डोये धुतले. मोबाईलबी नाई नेला त्यायनं, लाजले असतीन.

निळा पट्टा

भाऊ, हाच सराव नसलेला डाव.

भिवापुरी

हवेचा सराव कसा करू बे?

ग्रामीण रात्रपाळी

पुढच्या वेळी डोळे चोळू नका. भरपूर साध्या पाण्यानं धुवा, वीस मिनिटं तरी. आणि तिखटाचा हात कुठं लावू नका, तोही एक केस येऊन गेलाय आमच्याकडे.

लाल माती

काल पुन्हा अंगणात पाहिलं. या वेळी पुतणीला डोळ्याचं नाव काढू दिलं नाही. मनगट धरलं की अंगठ्याच्या बाजूनं कसं सोडवायचं, कमरेला मागून मिठी बसली तर बूड खाली टाकून पाय कसे रोवायचे, एवढंच. एक तास गेला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मनगट सुटलं. सुटल्याबरोबर ती मला कमरेत धरायला आली. ओरडलो, अगं पळ! म्हणते, काका, तुम्हीच तर पकड शिकवून राहिले. वावरवाले हसतील, पण मला तुमची उभारी आठवली.

अडचण दुसरीच आहे. आमच्या गावच्या आखाड्यात पोरी घेत नाहीत. वस्तादाला तीनदा विचारलं. लंगोटाचा आखाडा आहे म्हणतो. अमरावती ऐंशी किलोमीटर, रोज कशी पाठवू?

सात नंबर रेडर

तालुका तोच असेल तर सांगा. आम्ही जुन्या खेळाडू मिळून पोरींचा सराव घेतो, सकाळी साडेपाचला, शाळेच्या मैदानावर. फी नाही. सोडवणं, पळणं, ओरडणं तिन्ही होतं. कबड्डीत दम धरून ओरडावंच लागतं, त्यामुळे आवाज आपोआप सुटतो.

पाठवा तिला. फक्त नखं कापून यायला सांगा, वाढलेल्या नखांनी आम्ही मैदानात उतरू देत नाही.