सूफींच्या लेखी नफ्स (वासना-अहंकाराचा 'मी') मारायचा की घडवायचा?

वाटसरू:
सूफी मत म्हणजे देह वाईट आणि रूह (आत्मा) चांगली, असं सरसकट लिहिलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. कुराणाच्या १५व्या सूरेत (अध्यायात) अल्लाह चिखलापासून माणूस घडवतो, त्यात आपली रूह फुंकतो आणि मग फरिश्त्यांना सजदा (माथा टेकून नमन) करायला सांगतो. सजदा माती आणि रूह या दोन्हींच्या माणसाला आहे, नुसत्या रूहला नाही. इब्लिस (सैतान) नकार देतो, कारण त्याला फक्त माती दिसते. सूफी कवी रूमींनीही (१२०७–१२७३) आपल्या 'मसनवी' या दीर्घकाव्यात त्याच्या याच आंधळेपणावर बोट ठेवलंय. मग मातीचा तिरस्कार करणारा साधक कुणाच्या बाजूला उभा राहतो?

रानवाट:
साधनेत काय चालतं तेही बघा ना. उपास, रात्रीची जागरणं, चाळीस दिवसांचा चिल्ला (एकांतवास) हे सगळं कशासाठी? १२व्या सूरेत, यूसुफच्या कथेत, नफ्स वाईटाकडे ओढतो असं स्वच्छ म्हटलंय. 'मरण्याआधी मरा' हे वचन सूफींच्या तोंडी कायम असतं. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांनीही 'योगसंग्राम'च लिहिला. हे द्वंद्व सौम्य करून सांगितलं की साधनेचा कसच जातो.

वाटसरू:
७५व्या सूरेत तोच नफ्स स्वतःला दोष देतो. ८९व्यात तो शांत होतो आणि 'आपल्या रबकडे (ईश्वराकडे) परत ये' अशी हाक त्याला येते. मारून टाकायचाच असता, तर ही हाक कुणाला? सूफी धर्मपंडित गझाली (मृत्यू ११११) देहाला स्वाराचं जनावर म्हणतात. ते उपाशी मेलं तर मुक्काम गाठणार कसा? सूफी तत्त्वचिंतक इब्न अरबी आणखी पुढे जातात. ३८व्या सूरेत आदमला अल्लाहने 'दोन्ही हातांनी' घडवलंय. त्यांच्या मते विश्वाचं रूप आणि ईश्वराचं रूप आदमात एकत्र आलं ते यामुळेच.

दर्गावाला:
सगळं इब्न अरबींवर तोलू नका. सूफी शेख अहमद सिरहिंदींनी (१५६४–१६२४) त्यांच्या वहदत-उल-वुजूदवर, म्हणजे 'अस्तित्व एकच' या मतावर, हिंदुस्थानातच आक्षेप घेतला. साधकाला एकत्व जाणवतं, पण बंदा (ईश्वराचा सेवक) बंदाच राहतो, अशी त्यांची भूमिका. माणसातलं ईश्वराचं रूप सांगताना ही मर्यादा विसरून चालत नाही.

वाटसरू:
मर्यादा मान्य. पण इब्लिस आगीचा होता, त्याच्यात माती नव्हतीच. तरी 'मी याच्याहून श्रेष्ठ' म्हणून तो पडला. अहंकाराचा दोष मातीवर कसा टाकणार?

रानवाट:
अहंकारापुरतं पटलं. भूक आणि वासनेचं काय? गझालींचं जनावर पोसायचं, तसं ताब्यातही ठेवायचं असतं. तो लगाम तुमच्या मांडणीत मला अजून दिसलेला नाही.